एकतिसाव्या तासाला

दादाचा निरोप आला तेव्हा रत्नप्रभा परब घाटकोपर मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर उभी होती आणि डब्यातलं कालवण सांडलं की काय म्हणून पिशवीच्या बुडाला हात लावून बघत होती. सकाळचे सात चाळीस. मुलुंडच्या एका लहानशा इस्पितळात आठवडाभर आडवा पडलेल्या, अंगात ताप मुरलेल्या एकसष्ट वर्षांच्या माणसाने सकाळी उठून पहिलं काम काय करावं, तर धाकट्या बहिणीला बातमी पाठवावी. सव्वाशे प्रकाशवर्षांवरच्या कुठल्याशा ग्रहाच्या हवेत एक वायू सापडला असावा, तो वायू पृथ्वीवर सजीवच तयार करतात, म्हणजे तिथेही जीव असण्याची शक्यता आहे, असं त्या बातमीत होतं. खाली दादाने एका बोटाने टाइप केलेलं: 'बघ. मी सांगत नव्हतो? तू सायन्सवाली. खरं किती नि थापा किती ते संध्याकाळी येऊन सांग.' रत्नप्रभाने ते दोनदा वाचलं. जिना संपला, तिचा पाय मात्र उचललाच गेला नाही. मागचा माणूस तिच्यावर आदळला, 'आंटी, चलो ना' म्हणत पुढे निघून गेला, आणि ती कडेच्या कठड्याला धरून उभी राहिली. छातीत धडधडत होतं. एवढ्याशा बातमीने धडधडायचं काही कारण नव्हतं, निदान दुसऱ्या कुणाला नसतं.

तिला टोचला तो वायू हा शब्द. तिथे कुणी गेलं नव्हतं, कुणी काही पाहिलं नव्हतं. लांबून आलेल्या उजेडात एका वायूची पुसट खूण दिसली, तेवढ्यावरून तिथे कुणीतरी श्वास सोडत असेल असा तर्क. आणि रत्नप्रभाची अख्खी नोकरी याच तर्कावर चालत आली होती, गेली सव्वीस वर्षं. अंधेरीत चकाल्याजवळ एका खासगी प्रयोगशाळेत ती रक्तातले जंतू बघायची. बघायची म्हणजे काय, लोकांना वाटतं तसं कुणी मायक्रोस्कोपला डोळे लावून रक्त धुंडाळत बसत नाही. रक्त एका बाटलीत घालतात, त्या बाटलीत जंतूंसाठी खाऊ असतो, आणि बाटली एका उबदार यंत्रात ठेवून देतात. रक्तात कुणी असलंच तर ते खातं, वाढतं, श्वास सोडतं. त्या श्वासाच्या वायूने बाटलीच्या बुडाचा हिरवा ठिपका पिवळा पडतो, यंत्राला ते कळतं आणि ते दिवा लावून बोंब ठोकतं. मग माणसाने बाटली काढायची आणि आत कोण आहे ते बघायचं. पाच दिवस दिवा लागला नाही तर अहवालावर 'वाढ नाही' लिहून सही ठोकायची. इतकं सोपं. नवीन मुलींना ती हे दहा मिनिटांत शिकवायची आणि अकराव्या मिनिटाला त्यांना घाबरवायची, की खरी मेख पुढेच आहे. माणसाच्या कातडीवर जंतू असतातच, बापडे कुणाच्या अध्यात ना मध्यात. रक्त काढताना कातडी नीट पुसली नाही, पुसून वाळू दिली नाही, की सुईबरोबर त्यांतला एखादा बाटलीत जातो, तिथे गडगंज होतो आणि यंत्र बोंब मारतं. जीव असतो, पण तो रोग्याचा नसतो, तुमच्या गलथानपणाचा असतो.

या गलथानपणाची तिला भारी चीड होती. तिने स्वतःहून एक यादी सुरू केली होती. कुणी काढलेल्या रक्तात कातडीचा जंतू आला त्याचं नाव महिनाअखेर फळ्यावर लागायचं. पोरी तिला मॅडमची काळी यादी म्हणायच्या. मार्चअखेर त्या यादीत प्रांजल नावाच्या मुलीचं नाव तिसऱ्यांदा लागलं तेव्हा रत्नप्रभाने तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, की घरी भाकरी थापताना तरी हात धुतेस ना. मुलगी रडली. रत्नप्रभाला त्या दिवशी वाईट वाटलं नाही, उलट जेवण चांगलं गेलं. सव्वीस वर्षांत त्या फळ्यावर तिचं स्वतःचं नाव एकदाही लागलं नव्हतं आणि हे ती बोलून दाखवत नसली तरी तिथल्या प्रत्येकाला माहीत असेल अशी तिने व्यवस्था ठेवली होती.

मेट्रोत तिला जागा मिळाली. खिडकीतून असल्फ्याचा डोंगर सरकत गेला, रंगीबेरंगी भिंतींचा. पूर्वी त्या भिंतींना रंग नव्हता. बाबा गिरणीत होते, त्या डोंगराच्याच एका चढावर त्यांची खोली होती, आणि वीज गेली की दादा तिला बाहेरच्या कातळावर घेऊन बसायचा. तो तेरा वर्षांचा, ती सहाची. वरच्या एका तांबूस चांदणीवर माणसं राहतात, आपल्यासारखीच, फक्त त्यांना नाक नसतं, असं तो छातीठोकपणे सांगायचा. एकदा त्याने बाबांची बॅटरी आणून तिच्या हातात दिली. तीन वेळा लाव, तीन वेळा विझव, मग बघ. तिने तसं केलं, आणि समोरच्या टेकाडाच्या माथ्यावर, जिथे आकाश सुरू होतं नेमकं तिथे, एक उजेड तीन वेळा लागला आणि तीन वेळा विझला. दोन वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, शाळेत नाही. वरती आपल्याला ओळखणारं कुणीतरी आहे या एका गोष्टीवर ती दोन वर्षं हिंडली, बाबा संपात घरी बसले तेव्हाही तिला फारसं काही वाटलं नाही. मग एक दिवस भांडणात दादाच बोलून गेला. पलीकडच्या चाळीतला खंडू होता गं तो, मीच त्याला सांगून ठेवलेलं. ती रडली ती फसवलं म्हणून नव्हे, वरचं कुणीतरी मेलं म्हणून रडली. त्यानंतर मात्र कुठेही काही लुकलुकलं, कुणी काही खूण सांगितली, की तिच्या मनात आधी एकच प्रश्न यायचा, यात हात कुणाचा आहे. तिच्या धंद्याला हा स्वभाव फार मानवला. दादा वायरमन झाला, टेलिफोनच्या खांबांवर चढला, मुलुंडला घर केलं, आठ वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली. त्या झडपेची टिकटिक शांत खोलीत बाजूच्यालाही ऐकू यायची. आकाशातल्या माणसांवरचा त्याचा विश्वास मात्र जसाच्या तसा होता.

अकरा दिवसांपूर्वी, रविवारी, ती त्याच्या घरी गेली होती. दोन आठवडे बारीक ताप, जात नव्हता. वसुधावहिनी काळजीत होती, इस्पितळात जायचं नाव काढलं की दादा खेकसायचा. रत्नप्रभा म्हणाली, मीच रक्त काढते, आमच्याकडेच लावते. खरं तर दोन हातांतून दोन बाटल्या काढायच्या असतात. म्हणजे एकीत काही आलं आणि दुसरीत नाही तर कळतं. पण पिशवीत एकच बाटली होती, आणि घरचंच तर काम होतं. दादाने पलंगावर हात पसरला, वहिनीने टीव्ही बंद केला, दादाने तो पुन्हा लावायला लावला. तिने कातडी पुसली. एक मिनिट वाळू द्यायची असते. त्या मिनिटात दादा काहीतरी विनोद करत होता, ती हसत होती, आणि नंतर तिला काही केल्या आठवेना, की मिनिट पुरतं झालं होतं की नाही.

सोमवारी, बाटली यंत्रात ठेवल्यापासून एकतिसाव्या तासाला, दिवा लागला. संध्याकाळी, ती घरी निघायच्या बेतात असताना. तिने बाटली काढली, काचेवर थेंब पसरला, रंग चढवला आणि पाहिलं. जांभळे गोल दाणे, घोसाघोसांनी. खाऊ भरलेल्या बशीवर लावलेल्या थेंबातून मंगळवारी सकाळी बारीक पांढरे ठिपके उगवले. पुढची तपासणी केली. कातडीवरचा नेहमीचा जंतू, दुसरा तिसरा कोणी नाही. तिच्या कानशिलांवर गरम वाफ आल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं, आणि स्वतःच्या भावाच्या घरी, टीव्हीच्या गडबडीत, प्रांजलने करावी तशी चूक. बाटलीच्या चिठ्ठीवर 'रक्त कुणी काढले' या ओळीत तिचंच नाव होतं. तेव्हा तिला झडप आठवली नाही असं नाही. झडप असलेल्या माणसात हाच गरीब जंतू त्या धातूला चिकटून बसतो आणि महिनोन्‌महिने आतून पोखरतो, हे तिला पाठ होतं, पुस्तकातलं पान कुठलं तेही ठाऊक होतं. पण तिला ते आठवलं आणि बाजूला सरलं. लाज पुढे होती. तिने यंत्राच्या नोंदीत 'खोटा इशारा' असं टाकलं, बशी नि बाटली दोन्ही कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकल्या आणि अहवाल 'वाढ नाही' कडे ढकलून दिला. आज संध्याकाळी जाऊन पुन्हा काढू, नीट, दोन्ही हातांतून, असं तिने स्वतःला बजावलं.

गेलीसुद्धा. पिशवीत दोन नव्या बाटल्या होत्या. पण त्या सकाळीच शेजारच्या डॉक्टरने इंजेक्शनं सुरू केली होती, ताप उतरला होता, दादा पेज ओरपत लोणच्यावरून वहिनीशी वाद घालत होता. वहिनी म्हणाली, बघ, उगाच टोचलंस त्यांना. रत्नप्रभाला इतकं हलकं वाटलं की तिने पिशवी उघडलीच नाही. हलकं वाटणं किती वाईट असतं हे तिला गुरुवारी कळलं. ताप दुपटीने परतला, थंडी वाजून आली, इस्पितळात ठेवावं लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने, मधुवंती नाईक नाव तिचं, झडपेचं ऐकताच पहिल्यांदा विचारलं, की रक्ताचं कल्चर, म्हणजे ती बाटलीची तपासणी, केलंय का, औषधं सुरू होण्याआधी? वहिनीने फोन पुढे केला. 'आतापर्यंत वाढ नाही' असा अहवाल, खाली रत्नप्रभाची सही. डॉक्टरणीने मान हलवली, म्हणजे झडपेचं नसावं, छातीचा फोटोही नीट दिसत नाहीये, आपण टीबीच्या दिशेने बघू. रत्नप्रभा तिथेच पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तोंड उघडायला चार सेकंद पुरले असते. ती पाण्याची बाटली भरून आणायला गेली.

तेव्हापासून ती रोज जात होती आणि रोज उद्यावर टाकत होती. आधी वाटायचं, चूक असेल तर माझ्या हाताचीच असेल, मग सांगून काय मिळणार? मग वाटायचं, नोकरी जाईल. चार वर्षं उरली आहेत. आणखी खोल एक गोष्ट होती, ती तिला स्वतःपाशीही कबूल करायला कठीण जायची. तिला फळ्यावरच्या त्या यादीची भीती वाटत होती. भाऊ मरेल ही भीती वेगळी, मोठी, धूसर. यादीत नाव लागेल ही भीती लहान आणि लखलखीत, आणि माणूस लहान भीतीच आधी चुकवतो. या विचाराने तिला स्वतःची किळस यायची.

पुढच्या गुरुवारी, बातमी आली त्या दिवशी, तिने प्रयोगशाळेत जाऊन संगणकावर आणखी वाचलं. दुसरे शास्त्रज्ञ म्हणत होते, घाई करू नका. खूण फार पुसट आहे. ती ग्रहाची नसेल, मोजणाऱ्या यंत्राचीच खरखर असेल, आकडे मांडणाऱ्याच्या हाताची असेल. पुन्हा बघायला हवं, आणखी तास बघायला हवं. कुणीही असं म्हणत नव्हतं, की शंका आहे तर टाकून द्या आणि लिहा, तिथे कुणी नाही. रत्नप्रभा त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबली. ते वाक्य तिथे छापलेलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं. प्रांजल बाजूला येऊन विचारून गेली, मॅडम, बरं नाही का. तिने अर्धा दिवस सुट्टी टाकली, बाटल्यांच्या तीन जोड्या पिशवीत घातल्या आणि रिक्षा केली. पवईवरून मुलुंड, एप्रिलचं ऊन, तळ्याकडून येणारी हवासुद्धा भाजकी. रिक्षावाला कुणाशी तरी फोनवर लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होता. तिने मनात वाक्यं जुळवली. ती सगळी 'मला वाटतं' ने सुरू होत होती.

दादा उशांना टेकून बसला होता. गाल आत गेलेले, डोळे मोठे. वहिनीला तिने जेवून यायला खाली पाठवलं. ती गेल्यावर खोलीत झडपेची टिकटिक तेवढी राहिली, नेहमीपेक्षा जलद. तापात दादा आईच्या भाषेत शिरायचा, मालवणीत, एरवी फक्त शिव्यांना वापरायचा ती.

"खरा सांग गो," तो म्हणाला. "थंय कोण आसात काय?"

तिने सांगायला सुरुवात केली. वायू कसा ओळखतात, उजेड कसा वाचतात. मग शंका कशी येते, आपलंच यंत्र, आपलाच हात. तो मन लावून ऐकत होता, मध्येच म्हणाला की शंका घेणाऱ्यांनी खंडूला विचारावं. ती हसली. मग जुळवलेलं एकही वाक्य न वापरता तिने सगळं सांगून टाकलं. बाटली, दिवा, जांभळे दाणे, लाल पिशवी. तो छताच्या पंख्याकडे बघत होता. बोलून संपल्यावर तिला वाटलं, आता ओरडेल, आणि त्याने ओरडावं असं तिला मनापासून वाटलं.

"लाज वाटली तुका?"

"हो."

"माझी?"

"तुझी नाही. पोरींची."

त्याने डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले. "जा," तो म्हणाला. "डॉक्टरणीक सांग. आताच्या आता."

ती गेली. डॉक्टरणीची खोली दहा पावलांवर होती. आत दोन नर्स होत्या, एका पेशंटचा मुलगा होता, आणि मधुवंती नाईक तिच्याकडे बघून आदराने उठून उभी राहिली. या मॅडम सव्वीस वर्षं मायक्रोबायोलॉजीत आहेत, असं तिने नर्सना सांगितलं. तिथेच रत्नप्रभाचं पाणी झालं. तिने सांगितलं ते असं, की पहिल्या वेळी एकच बाटली होती, एका बाटलीवर भरवसा ठेवू नये, झडप आहे, तर तीन ठिकाणांहून पुन्हा रक्त काढू, मी स्वतः घेऊन जाते. शब्द न्‌ शब्द खरा होता. डॉक्टरणीला पटलं. रक्त निघालं. झडपेवरचं जबर औषध लगेच सुरू करायचं का, असं डॉक्टरणीने स्वतःशीच बोलल्यासारखं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, की मूत्रपिंडं आधीच दमलेली आहेत, त्या औषधाने बसतील, पहिलं कल्चर स्वच्छ होतं, दोन दिवस थांबून निकाल बघू. रत्नप्रभाने मान हलवली. हो म्हणून हलवली. परत खोलीत आली तेव्हा वहिनी वर आलेली होती, म्हणून दादाने नुसतं पाहिलं आणि हळूच विचारलं, "सांगलंस?"

"हो," ती म्हणाली.

"मग बरा झाला," तो म्हणाला, आणि वहिनीकडून पेरू कापून मागितला.

शुक्रवारी सकाळी सहाला वहिनीचा फोन आला. दादाचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता, शब्द येत नव्हते. झडपेवर साचलेल्या जंतूंच्या गाठीचा तुकडा सुटून डोक्यात गेला होता, हे नंतर कळलं. रत्नप्रभा इस्पितळात गेली, त्याला स्ट्रेचरवरून नेताना बघितलं, आणि तिथून प्रयोगशाळेत आली, कारण बाटल्या तिथे होत्या. तिला दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. यंत्रासमोर स्टूल घेऊन ती बसली. दुपारी दीडला पहिला दिवा लागला, मग अर्ध्या तासात दुसरा, मग एकामागून एक सहाच्या सहा. तिने काचेवर थेंब पसरला, रंग चढवला, डोळा लावला. जांभळे दाणे, घोसाघोसांनी. ते जणू कुठे गेलेच नव्हते, तिथेच बसून होते. सहा बाटल्या, तीन जागा, प्रत्येक जागा तिने दोन मिनिटं वाळू दिली होती. यात हात कुणाचाही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक खूण शंभर टक्के खरी सापडली होती. तिने मुलुंडला फोन लावला. अर्ध्या तासात औषध सुरू झालं. आधी चालू असलेल्या इंजेक्शनांना तो जंतू जुमानतच नव्हता.

औषध लागू पडलं. आठ दिवसांत ताप गेला, मूत्रपिंडंही तगली, आणि डॉक्टरणीने वहिनीला बाजूला घेऊन जे सांगितलं ते वहिनीने रत्नप्रभाला जिन्यात सांगितलं. जिवाचा धोका बहुतेक टळला. उजवी बाजू थोडी येईल. बोलणं येईल असं दिसत नाही. समजतं किती हे नक्की सांगता येत नाही, कदाचित बरंच समजत असेल, कदाचित नुसते आवाज. वहिनी हे सांगताना रडली नाही, तिने पदराने जिन्याचा कठडा पुसला. रत्नप्रभा ऐकत होती आणि तिच्या आत खूप खाली काहीतरी सैल झालं. तिला ते लगेच ओळखू आलं. लाल पिशवीबद्दल जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो आता बोलणार नव्हता. यंत्रातली नोंद कुणी उघडून बघणार नव्हतं. ती सुटली होती. ज्या भावाने तिला आकाशात माणसं दाखवली त्याची वाचा गेली आणि तिला सुटल्यासारखं वाटलं, हे तिने जिन्यात उभं राहून स्वतःचं स्वतः पाहिलं.

आठवडाभर ती त्याच्या उशाशी बसली होती ती काहीतरी शोधत. तो कधी तिच्याकडे टक लावून बघायचा, कधी तिच्यातून पलीकडे. तिने एकदा विचारलं होतं, दादा, मी कोण? त्याचे ओठ हलले. ते ओठ तसे माशी बसली तरी हलायचे. त्याला तो गुरुवार आठवतोय का? तिने हो म्हणून खोटं सांगितलं ते त्याला कळलंय का? आठवत असावं असं तिला वाटायचं, कारण मग तिचा भाऊ आत कुठेतरी शाबूत होता. आठवत नसावं असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं आणि दोन्ही खरं होतं. एक गोष्ट तिला उशिरा सुचली आणि मग ती तिला झोपू देईना. त्या गुरुवारची अख्खी संध्याकाळ दादा वहिनीबरोबर होता. पेरू खाल्ला, गप्पा मारल्या, मुलाशी, सुयोगशी, फोनवर बोलला. वहिनीला सांगायला भरपूर वेळ होता, तरी बहिणीचं गुपित त्याने सांगितलं नव्हतं.

शनिवारी डॉक्टर मधुवंती राउंडला आली तेव्हा रत्नप्रभा तिथेच होती. डॉक्टरणीने बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना सगळी केस सांगितली. पहिलं कल्चर निगेटिव्ह, सगळे टीबीच्या मागे, आणि या मॅडमनी आग्रह धरला म्हणून पुन्हा केलं. एका बाटलीवर कधी विसंबू नका, असं त्या मला म्हणाल्या, लिहून ठेवा. शिकाऊ डॉक्टरांतल्या एका मुलीने खरंच लिहून घेतलं. ती मंडळी पुढे गेली. वहिनी वाटीत तांदळाची पेज कालवत होती. तिने चमचा थांबवला, वाकली, आणि बहिऱ्याशी बोलावं तसं दादाच्या कानाशी मोठ्याने बोलली.

"ऐकलंत का? रत्ना होती म्हणून सापडलं. तुमच्या बहिणीनं जीव वाचवला तुमचा."

आणि तिने रत्नप्रभाचा हात ओढून त्याच्या चालत्या, डाव्या हातात ठेवला. ती बोटं हळूहळू मिटली. घट्ट. वहिनीचे डोळे इतक्या दिवसांत पहिल्यांदा भरून आले, बघ, ओळखतात गं, ती म्हणाली, बघ कसे धरतात. रत्नप्रभाने दादाकडे पाहिलं. दादा तिच्याकडे पाहत होता. ती पकड मायेची होती, की थांब, जाऊ नको, आधी सांग अशी होती, की हातात काहीही दिलं तरी मिटणाऱ्या मुठीची होती, यातलं तिला काही म्हणजे काही कळलं नाही. सव्वीस वर्षांचा डोळा तिथे उपयोगाचा नव्हता. तिने हात सोडवून घेतला.

"वहिनी, ते आधीच सापडलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच बाटलीत. मला वाटलं माझ्याच हाताची चूक आहे, म्हणून मी ते टाकून दिलं आणि काही नाही म्हणून सही केली. ज्या दिवशी पुन्हा रक्त काढलं ना, त्या दुपारी मी दादाला सगळं सांगितलं. त्याने मला डॉक्टरला सांगायला पाठवलं. मी डॉक्टरला सांगितलं नाही, आणि येऊन दादाला सांगितलं की सांगितलं. त्याच दिवशी औषध मिळालं असतं, वहिनी."

वहिनी ऐकत होती. पेजेची वाटी तिच्या हातात कलती झाली होती, तिने ती सरळ केली आणि टेबलावर ठेवली. रत्नप्रभा वाट बघत होती, की ती आता आपल्याकडे वळेल. ती वळलीच नाही. ती नवऱ्याच्या जवळ गेली, त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे केला आणि हळू आवाजात, दार लावून घेतल्यावर बोलतात तशा आवाजात, त्याला विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

दादाने डोळे मिटले. ते हो होतं की नुसता थकवा, हे तिथे सांगू शकणारं कुणी नव्हतं. वहिनी थांबली, त्याने डोळे उघडेपर्यंत थांबली, आणि मग तिने तेच पुन्हा विचारलं.